टपालवाल्यांचा पाय आणि ताईंचा संगणक

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत. वयाने मोठी माणसंसुद्धा. बावीस वर्षं तिने प्लास्टरने मापं घेतली, साचे घासले, आणि सॉकेट बनवली. सॉकेट म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो ती खोलगट वाटी. वाटी कुठे सैल हवी, कुठे घट्ट, हे तिला अंगठ्याने दाबूनच कळायचं. मग स्कॅनर आला, संगणक आला, आणि पन्नाशीला टेकलेली ताई नव्याने शिकायला बसली. तक्रार न करता शिकली.

संगणकाचं काम मोठं होतं. वाटी पायावर कुठे किती दाब देईल याचा हिशेब मांडून तो त्यावरून वाटीचा आकार ठरवून द्यायचा. फक्त त्याला सव्वाचार तास लागायचे. सकाळी माप दिलेला माणूस संध्याकाळपर्यंत सॉकेट घालून बघू शकत नसे. साडेपाचची शेवटची बस निघून जायची. एका पायावर आलेल्या माणसाला "उद्या पुन्हा या" म्हणायचं ताईच्या जिवावर यायचं.

म्हणून एका सोमवारी तिने स्वतःच बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून प्रोसेसरचा वेग वाढवला. साडेतीन गिगाहर्ट्झवरून थेट चार पूर्णांक चारवर. संगणक झटक्यात सुरू झाला, हिशेब साडेतीन तासांच्या आतच हातात आला. ताई इतकी खूश झाली, की आठवडाभर कुणाला काही सांगितलंच नाही. तीन सॉकेट तशीच निघाली.

शनिवारी तिचा थोरला भाऊ आला. सगळ्या घराचा दादा. टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. तिने मोठ्या कौतुकाने त्याला वेग दाखवला.

"तापमान किती जातं?" दादाने विचारलं.

"बघितलं नाही."

"आणि बरोबर चालतोय कशावरून?"

"अरे, चालू झाला की! बंद पडत नाही, काही नाही."

"चालू होणं वेगळं आणि बरोबर चालणं वेगळं, बाई." दादाने खुर्ची ओढली आणि तपासणीचा एक प्रोग्रॅम लावला. "याला उत्तरं आधीच माहीत असलेली गणितं तो प्रोसेसरकडून करून घेतो. चुकलं की लगेच सांगतो."

अकराव्या मिनिटाला पडद्यावर लाल ओळ उमटली. उत्तर चुकलं होतं. तापमान सत्त्याण्णव अंश. आणि संगणक मात्र काहीच न झाल्यासारखा चालू होता.

ताईने भिंतीकडे पाहिलं. दोन सॉकेट तिथे टांगलेली होती. तिसरं गुरुवारीच टपालवाल्यांच्या पायावर गेलं होतं. दिवसभर उभं राहून पत्रं लावणारा माणूस. दाब चुकला असेल तर कातडी सोलवटायला दोन दिवस पुरेत.

तिने फोन लावला. "पाय कसा आहे?"

"घालून उभाच आहे सकाळपासून," टपालवाले हसत म्हणाले.

"काढून ठेवा. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं, ताई?"

मशीनवर खापर फोडणं सोपं होतं. ती म्हणाली, "मी संगणक जास्त पळवला. त्याचा हिशेब चुकला असेल. चूक माझी आहे."

"बरं. मग कुबड्या घेतो," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल तेव्हा घालीन."

ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

दादाने वेग पूर्ववत केला, तपासणी पुन्हा लावून खात्री केली, आणि टपालवाल्यांचा हिशेब पहिल्यापासून सुरू झाला. सव्वाचार तास. ताईने दोनदा फरशी पुसली, कानशी लावून ठेवल्या. दादाने काही विचारलं की "हं" म्हणायची, पण लक्ष सगळं पडद्यावर.

शेवटी आकडे आले. तिने जुना कागद शेजारी ठेवला आणि बोट फिरवत एकेक आकडा ताडून पाहिला. सगळे तेच. शेवटचा आकडासुद्धा. तिने पुन्हा वरपासून पाहिलं. तेच.

"दादा, बरोबर आहे रे," ती म्हणाली आणि तिथेच स्टुलावर बसून रडली.

रविवारी भिंतीवरच्या दोन्हींचे हिशेब पुन्हा केले. एक जुळलं. दुसरं हाडाच्या कडेला तीन मिलिमीटर चुकलेलं निघालं. ताईने ते स्वतःच्या हाताने करवतीने चिरून टाकलं.

मग दोघांनी संगणक उघडला. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या चार पायांपैकी एक कधी नीट अडकलेलाच नव्हता. ती तिरपी बसली होती आणि तिच्याकडे उष्णता पोचवणारी खालची पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. ताईने स्पिरिटने सगळं पुसलं, वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली, चारही पाय खटकन बसवले. दादाने मोठा पंखा जोडला. या वेळी वेग थोडाथोडा वाढवला. प्रत्येक पायरीला तपासणी, प्रत्येक पायरीला तापमान. चार पूर्णांक दोनवर पुन्हा लाल ओळ आली, तेव्हा एक पायरी खाली उतरून ते चार पूर्णांक एकवर थांबले. तपासणी पूर्ण एक दिवस चालली. एकही चूक नाही, तापमान बहात्तरच्या वर गेलं नाही, आणि हिशेब पावणेचार तासांच्या आत.

"व्होल्टेज जरासं वाढवलं तर अजून पळेल," दादा म्हणाला.

"एवढा पुरे. पळवायची हौस फिटली माझी."

मंगळवारी टपालवाले आले. हिशेब जुळला तरी कातडी स्वतः पाहिल्याशिवाय सॉकेट घालू नका, असं ताईने त्यांना कळवलं होतं. ताईने त्यांच्या पायाची कातडी उजेडात नीट पाहिली, अंगठ्याने सगळीकडे दाबून विचारलं. कुठे लाली नाही, कुठे दुखत नाही. त्यांनी सॉकेट चढवलं, उभे राहिले, कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले.

"तीन दिवस कुबड्यांवर काढले," ते म्हणाले, "तेव्हा कळलं, हा किती चांगला बसलाय."

ताईने पुढच्या माणसाला आत बोलावलं आणि स्कॅनर हातात घेतला. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल होते.