मुनसानवालीचा खडा

इनवांगच्या डोंगराखाली, जिथून राजवाड्याची कौलं दिसतात, त्या गल्लीत मुनसानवाली म्हातारी राहायची. तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मुनसान गावाहून लग्न होऊन आली, म्हणून मुनसानवाली. जन्मभर तिनं केलं काय, तर एक मुलगा जन्माला घातला. तोरा मात्र असा, की हा डोंगरसुद्धा हिच्याच पोटचा.

वर उघड्या कातळावर एक उभा धोंडा आहे. मुलगा हवा असलेल्या बाईनं त्यावर खडा घासत बसायचं. हात सोडल्यावर खडा चिकटून राहिला, की देव पावला. "माझा पहिल्याच खेपेला चिकटला," म्हातारी विहिरीवर सांगायची, बाजारात सांगायची, मयताच्या घरीसुद्धा सांगायची. "मन शुद्ध लागतं, बाई."

आणि त्या शुद्ध मनाचं फळ कोण, तर मान-सोक. चाळिशीला टेकला तरी आईनं वाढल्याशिवाय घास उचलत नसे. त्याच्या बायकोला, सुन-रेला, तीन मुली. एक दिवस जेवताना म्हातारीनं सांगून टाकलं, "या पौर्णिमेला खडा चिकटला नाही, तर दुसरी सून आणते. पोरगी बघून ठेवलीय." मान-सोक मुळ्याची किमची चावत राहिला. त्याचं मत तेवढंच.

पौर्णिमेच्या सकाळी सगळी गल्ली वर जमली. सुन-रे घासत बसली, बोटांची सालटं निघाली. मग तिनं हात सोडला आणि खडा चिकटून राहिला. बायका पुटपुटल्या, कुणी हात जोडले. तेवढ्यात एक काळंपांढरं पाखरू आलं, खड्याच्या कडेला चोच मारू लागलं, आणि खडा टपकन खाली पडला. धोंड्यावर भाताची शितं चिकटलेली.

"शरम नाही वाटत?" म्हातारी कडाडली. "देवाला फसवतेस? आणि फसवायचं तर अक्कल तरी वापरावी माणसानं. भातानं कुठं टिकतं? पाखरं येतात. पाइनचा चीक लावायचा, तोही आदल्या दिवशी, म्हणजे..."

म्हातारीनं जीभ चावली. पाखरू निवांत शितं टिपत होतं.

"म्हणजे काय, मुनसानवाली?" टोफूवालीनं विचारलं. "मन शुद्ध लागतं, ते माहितीय आम्हाला. पुढचं सांगा."

सुन-रेनं घागऱ्याला हात पुसले. "आई, दुसरी आणाल ना, तिला हे आधीच सांगून ठेवा. उगाच बोटं सोलली माझी."

उतरताना मान-सोकनं विचारलं, जेवायला काय आहे. दोघी तशाच पुढं चालत राहिल्या. दुसरी सून काही आली नाही, आणि म्हातारी पाण्याला भर दुपारी जाऊ लागली, विहिरीवर कुणी नसताना.