नऊ पायऱ्या आणि सहा पंख

दोष शमुवेल मास्तरांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी ‘अरे, परिस्थितीच तशी होती’ म्हणायला नको. परिस्थिती नव्हती. मास्तर होते.

कापसाच्या जिनात सरकीचा ढीग होतो तसे आमच्या मिशन कंपाउंडातले किस्से साचत गेले. मुद्दाम कोणी साचवले नाहीत. कापूस पुढं निघून जातो, सरकी खाली पडत राहते. मी आता पिपरी मेघेहून सायकलनं जिनात जातो, गठाणी उचलतो. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की कोणीतरी म्हणतंच, “अबे, तो देवदूतायचा सांग ना.” मी सांगतो. लोक हसतात. शेवटचा किस्सा मी सहसा ठेवून देतो. आज तोही सांगतो.

एवढं फक्त लक्षात ठेवा, की माझ्या लहान बहिणीला, सुवार्ताला, सहा पंख पाहिजे होते. तिला दुसरं काही नको होतं.

*

कंपाउंड म्हणजे दवाखाना, शाळा, चर्च, वीस-पंचवीस घरं आणि मागं कबरस्तान. कारभार पाच वडिलांच्या कमिटीकडं. चर्चमध्ये ‘वडील’ हे पद असतं, ते म्हाताऱ्यालाच द्यावं असं काही नाही. आमच्याकडं मात्र म्हाताऱ्यांनीच धरून ठेवलं होतं. शमुवेल मास्तर त्यातले मुख्य. संडे स्कूल त्यांचं, नाताळचं नाटक त्यांचं, आणि मिशनच्या शाळेत कंपाउंडातल्या कोणत्या पोरानं पुढच्या वर्गात बसायचं त्याची चिठ्ठीही त्यांच्याच सहीची.

मास्तरांना एका जुन्या ट्रंकेत एक छापील चित्र सापडलं होतं. मायदेशी परत गेलेल्या कोण्या मिशनरी मॅडमनं टाकून दिलेलं. त्यात देवदूतांच्या नऊ पदव्या, वरून खाली. सगळ्यांत वर सराफीम, सहा पंखांचे. मग करूबीम. मग राजासने, स्वामित्वे, सामर्थ्ये, अधिकार, अधिपत्ये. आठवे आद्यदेवदूत. नववे नुसते देवदूत. मास्तरांनी ते मांजरपाटावर रंगवून भिंतीला टांगलं आणि सुताराकडून लाकडी नऊ पायऱ्या करून घेतल्या. नाताळला पोरं त्या पायऱ्यांवर उभी राहायची.

कोणाला कोणती पायरी ते आवाजावरून ठरतं, असं मास्तर सांगत. आता योगायोग पहा, डॉक्टरांच्या घरात जन्मणाऱ्या प्रत्येकाचा आवाज पहिल्या पायरीचाच निघायचा. मेट्रनच्या पोरीचा दुसऱ्या. हेडमास्तरांच्या पोराचा तिसऱ्या. कंपाउंडरचं पोरगं मधे कुठं तरी. वॉर्ड झाडणारीची पोरं आणि आम्ही, कबरी खणणाऱ्याची पोरं, नवव्या पायरीवर. तिथं पंख नसत. दवाखान्यातलं गॉज, पट्टीचं जाळीदार कापड, वरच्यांनाच पुरायचं नाही. मास्तर म्हणायचे, “विश्वासानं पंख समजा.”

एका वर्षी डॉक्टरांची बदली झाली. नवे डॉक्टर आले, त्यांचा मुलगा तोतरा. मास्तरांनी त्याची आवाजाची परीक्षा घेतली. दोन ओळी म्हणायला त्याला पाच मिनिटं लागली. मास्तर डोळे मिटून ऐकत होते.

“सराफीम,” मास्तर म्हणाले.

*

चर्चच्या पाळकांच्या बायकोचा, पाळकीणबाईंचा, मुलगा तीन वर्षं मिखाएल व्हायचा. हातात चांदीच्या कागदाची तलवार. मिखाएल म्हणजे आद्यदेवदूत, देवाचा सेनापती. पाळकीणबाई तेवढ्यावर खूश होत्या. पायऱ्या झाल्या तेव्हा पहिल्यांदा उजेड पडला की आद्यदेवदूत खालून दुसरे. त्यांचा मिखाएल आमच्या डोक्यांच्या जरासा वर, ड्रायव्हरच्या पोरासोबत.

बाई रिहर्सलमध्येच उभ्या राहिल्या. “मास्तर, सैतानाला कोणी हरवलं?”

“मिखाएलनं.”

“मग तो आठवा कसा? जे वर उभे आहेत त्यांनी काय केलं?”

मास्तरांनी चष्मा पुसला. “ते वर उभे आहेत.”

कमिटी बसली. दोन तास चर्चा. पाळक स्वतः कमिटीत, त्यामुळं निर्णय अवघड. चित्र चुकीचं म्हणावं तर मास्तर रुसणार, बरोबर म्हणावं तर पाळकांच्या घरी चूल पेटणार नाही. शेवटी ठराव पास झाला: मिखाएल आठव्याच पायरीवर राहील, पण स्टुलावर उभा राहील.

नाताळच्या दिवशी दुसऱ्या कडव्याला स्टूल कललं. देवाचा सेनापती तलवारीसकट खाली आला तो थेट आमच्या नवव्या पायरीवर. सुवार्तानं त्याला उठवलं, गुडघ्याचं रक्त फ्रॉकला पुसलं आणि त्याच्या कानात म्हणाली, “इथंच राह्य. इथून कोणी पडत नाई.”

*

करूबीमना चार तोंडं असतात. माणसाचं, सिंहाचं, बैलाचं, गरुडाचं. यहेज्केलच्या पुस्तकात आहे. मास्तर म्हणाले, मेट्रनच्या मुलीला चारही पाहिजेत. माणसाचं तिचं स्वतःचं होतं. सिंह आणि गरुड पुठ्ठ्याचे झाले. बैल काही केल्या जमेना, डुक्कर व्हायचा.

कंपाउंडाच्या कुंपणाला लागून बापूरावांचं शेत. भला माणूस, बाबांना येता-जाता तंबाखू देणारा. त्यांच्या नातवाचा, तान्ह्या पोळ्याला पोरं ओढत मिरवतात तसला लाकडी बैल होता, केळझरच्या एका सुतारानं घडवलेला, शिंगांना बेगड लावलेला. बाबांनी तो मागून आणला. मास्तरांनी त्याची चाकं काढली आणि तो मेट्रनच्या मुलीच्या डाव्या खांद्यावर बांधला.

नाटक संध्याकाळी पाचला असायचं, उजेड असताना, कारण लाइटीचा भरवसा नव्हता. बापूराव बैल पाहायला आले. बाबांसोबत मागं भिंतीला टेकून उभे राहिले, कारण बाकं वरच्या पायऱ्यांच्या आईबापांसाठी होती. बापूरावांनी पायऱ्या वरून खाली मोजल्या. मग आम्हाला शोधलं.

“वामन,” ते बाबांना म्हणाले, “तुही पोट्टी कोनती?”

“ते खालची. शेवटची.”

बापूरावांनी परत वर पाहिलं. “बाप्पा. आमचा बैल दुसऱ्या नंबरवर हाय.”

बाबा हसले. मला अजून कळत नाही कसे हसले.

*

सुवार्ता आठ वर्षांची असताना तिनं संडे स्कूलमध्ये हात वर केला. “मास्तर, सराफीम सहा पंखायचं काय करते?”

मास्तर खूश. “दोन पंखांनी तोंड झाकतात, दोन पंखांनी पाय झाकतात, दोन पंखांनी उडतात. यशया, अध्याय सहा.”

“तोंड काऊन झाकते? लाज वाटते?”

तिला तास संपेपर्यंत दाराशी उभं केलं. घरी येऊन तिनं आईची ओढणी, बाबांचा गमछा आणि पिठाची दोन फडकी जमा केली. चार पंख झाले. उरलेल्या दोनसाठी माझा शर्ट मागितला. मी दिला नाही, शाळेत घालायला तेवढाच होता. ती म्हणाली, “ठीक हाय. मग मी उडत नाई. झाकतो फक्त.”

तेव्हा मी दहावीत होतो आणि मला बायबल वाचायचं वेड लागलं होतं, मास्तरांना पकडण्यासाठी. ती नऊ नावं मी सगळीकडं शोधली. दोन-चार इथं, दोन-चार तिथं, पत्रांत विखुरलेली. पण एक खाली एक अशी उतरंड कुठंच नाही. मी पुस्तक घेऊन मास्तरांकडं गेलो.

“मास्तर, या नऊ पायऱ्या बायबलात कुठं आहेत?”

मास्तर म्हणाले, “याकोबाला स्वप्नात शिडी दिसली की नाही? तिच्यावर देवदूत होते की नाही?”

मी पान उघडूनच नेलं होतं. “चढत-उतरत होते, मास्तर. आपापल्या पायरीवर उभे नव्हते.”

मास्तरांनी माझ्या हातातलं बायबल घेतलं, मिटलं, आणि परत दिलं. “चिठ्ठी माझ्या सहीची लागते,” ते म्हणाले. “तेवढं वाचत जा.”

*

त्याच वर्षी, सुवार्ताला नववं लागल्यावर, नोव्हेंबर सरता सरता ती आजारी पडली. ताप, मग मान ताठ, मग ओळख गेली. डॉक्टरांनी त्यांच्या परीनं सगळं केलं. खोटं बोलणार नाही. तोतऱ्या सराफीमचा बाप दोन दिवस तिच्या खाटेजवळून हलला नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

कंपाउंड जमलं. जो येईल तो आईला एकच म्हणे, “रडू नका बाई, पोरगी देवदूत झाली.” पाळक म्हणाले, पाळकीणबाई म्हणाल्या, कंपाउंडर म्हणाला. आई मान हलवत होती.

मग मास्तर आले. टोपी काढली, डोळ्यांत खरंच पाणी होतं, तेही नाकारत नाही. म्हणाले, “रडू नका. पोरगी देवदूत झाली.”

आईनं वर पाहिलं. “कोनता, मास्तर?”

दुसरा कोणी असता तर काहीही बोलला असता. पण मास्तर खोटं बोलत नसत. त्यांनी विचार केला. आम्ही सगळे त्यांना विचार करताना पाहत होतो.

“साधा,” मास्तर म्हणाले.

*

आता शेवटचा.

कबर बाबांनीच खणली. दुसऱ्या कोणाला ते काम येत नव्हतं. पायऱ्या करणाऱ्या सुतारानं पेटी केली. दुपारी बाबा तिकडं खणत होते, बाया आईला धरून बसल्या होत्या, तेव्हा मी चर्चच्या मागच्या खोलीत गेलो. नाटकाची ट्रंक तिथं असायची, किल्ली खिळ्यावर. सराफीमचे सहा पंख वरच होते. बांबूच्या कामट्यांवर ताणलेलं गॉज, पांढरं, वर्षभर डांबराच्या गोळ्यांत ठेवलेलं. मी ते शर्टाखाली घालून घरी आणले.

आईनं पाहिलं. बायांना म्हणाली, “जरा बाहेर व्हा, तिचे केस विंचरायचे हायेत.”

दोन तिच्या पायांवर ठेवले. दोन पाठीखाली सरकवले. उरलेले दोन आईनं हातात धरून ठेवले बराच वेळ, मग तोंडावर ठेवले. झाकण आम्हीच लावलं.

डिसेंबरच्या मध्यात रिहर्सलसाठी ट्रंक उघडली. दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. मला बोलावलं, बाबांनाही बोलावलं. बाबा कबरस्तानातून तसेच आले, फावड्यासकट. पाच वडील टेबलामागं. टेबलावर हिरवं कापड, रजिस्टर, पाण्याचा तांब्या.

“पंख तू घेतले?”

“हो.”

“कुठं आहेत?”

मी सांगितलं.

पाळकांनी मान खाली घातली. एक वडील म्हणाले, “जाऊ द्या, नवे करू.” दुसरे म्हणाले, “चोरी ती चोरी, पण लेकरू...” विषय तिथंच संपला असता. खरंच संपला असता.

मास्तर म्हणाले, “नवे कशाचे? दवाखाना आता गॉज देत नाही. नाताळ दहा दिवसांवर. डॉक्टरांचा मुलगा काय बिनपंखांचा उभा राहणार?” मग त्यांनी बाबांकडं पाहिलं. रागानं नाही. हिशेबानं, सुतार लाकडाकडं पाहतो तसं. “वामन, माती अजून बसली नसेल.”

बाबा पंचवीस वर्षं त्या कंपाउंडात होते. कमिटीपुढं त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ते पुढं आले आणि फावडं टेबलावर ठेवलं. हिरव्या कापडावर, रजिस्टरवर माती सांडली.

“मास्तर,” बाबा म्हणाले, “तुमीच खणा. खाली उतरून पहा, माही पोरगी कोनत्या पायरीवर हाय. अन् वापस येऊन मले सांगजा.”

फावड्याला कोणी हात लावला नाही. पाळक घाईघाईनं म्हणाले, “आपण प्रार्थना करू या.” पाचही जणांनी डोळे मिटले. मास्तरांनी सगळ्यांत आधी.

बाबांनी माझ्या दंडाला धरलं. कमिटीचे डोळे मिटलेले असतानाच आम्ही बाहेर आलो. फावडं तिथंच राहिलं.

चौथ्या दिवशी मिशनची खोली खाली करायची चिठ्ठी आली, मास्तरांच्या सहीची. दहावीच्या परीक्षेला मी बसलो नाही.