पाव्हणं म्हणजे नक्की कोण

ज्या माणसाशी माझं लग्न व्हायचं होतं तो माझ्या वडिलांना पहिल्यांदा भेटला आमच्या भातखाचराच्या बांधावर. आण्णांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि विचारलं, "काय पाव्हणं, वाट चुकला का?"

चुकलाच होता. घोटावड्याजवळच्या ज्या कारखान्यात मी मालाच्या तपासणीचं काम करत होते, तिथे एक मोठं यंत्र बसवायला तो परदेशातून आला होता. मारुंजीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन दिसेल त्या रस्त्याला लागायचा. मी आण्णांचा डबा घेऊन शेतावर गेले तर हे महाशय चिखलात उभे, सायकल खांद्यावर. कारखान्यात रोज दिसणारा माणूस आपल्या बांधावर दिसला की चमत्कारिकच वाटतं. आण्णांना इंग्रजी येत नाही आणि त्याला तेव्हा मराठीचा गंध नव्हता, तरी दोघांचं बोलणं चांगलं रंगलं होतं. काय बोलत होतात, असं मी पुढे दोघांनाही कितीदा तरी विचारलं. दोघं वेगवेगळं सांगतात.

आमच्याकडे अनोळखी माणसाला हाक मारायची तर 'पाव्हणं' म्हणतात. एसटीत शेजारी बसलेला पाव्हणं, वाट विचारणारा पाव्हणं, विहिरीत पडलेल्या कुत्र्याला बाहेर काढायला धावून आलेला परगावचा माणूससुद्धा पाव्हणं. त्यात जवळीक काही नाही, नुसती रीत.

मग तो घरी यायला लागला. आधी चहाला, मग जेवायला. आण्णा ओसरीवरून आत आवाज द्यायचे, "पाव्हणं आल्यात, भात टाक गं जास्तीचा." आता हा पाव्हणं निराळा. हा घरी आलेला पाहुणा, त्याला गरम भाकरी, त्याच्या ताटात न विचारता वाढायचं. त्याला वाटलं, हे आपलं मराठी नाव आहे. बरेच महिने तो फोनवर मोठ्या अभिमानाने सांगायचा, "आण्णा, मी पाव्हणं बोलतोय." मीही त्याला सुधारलं नाही. मजा येत होती.

ह्या शब्दाला तिसरा अर्थ आहे, तो शहरात फारसा राहिलेला नाही. ज्या घरात आपली मुलगी दिली किंवा ज्या घरातून सून आणली, ते सगळं घर म्हणजे पाव्हणं. 'आमचं पाव्हणं हायेत ते' असं कुणी म्हणालं की समजायचं, इथे सोयरीक आहे, जरा जपून बोला. म्हणजे अगदी परका, घरी आलेला आणि रक्ताखालोखाल जवळचा, तिघांनाही एकच शब्द. आण्णा कुठल्या वेळी कुठला अर्थ धरतात हे ओळखायचा छंद मला तेव्हापासून लागला.

त्याचं यंत्र बसलं, चाललं, आणि तो परत गेला. त्याच्या देशाचं नाव मी इथे सांगत नाही, कारण आमच्या भावकीत त्या देशाला 'तिकडं' हेच नाव आहे. आम्ही लग्न करायचं ठरवलं होतं, आणि मी तिकडं जायचं हेही. घरात सांगितलं तेव्हा आई आधी रडली आणि मग तिनं विचारलं, तिकडं तांदूळ मिळतो का. आण्णा काहीच बोलले नाहीत. ना हो, ना नाही. जेवून उठले, हात धुतले आणि गोठ्यात गेले. मला राग पटकन येतो, आणि गप्प बसणाऱ्या माणसाचा तर फारच येतो. शेवटी चुलत्यांनी पुढाकार घेतला, चार जाणती माणसं बसवली आणि लग्न ठरल्याची सुपारी फोडली. त्यासाठी तो आठवडाभराची रजा काढून आला होता. त्याची आई मोबाईलच्या पडद्यावर, मोबाईल पाटावर, पाट खुर्चीवर. आण्णांनी तिला दोन्ही हात जोडून रामराम केला, साखर खाल्ली आणि तरीही त्यांच्या तोंडून 'मला पसंत आहे' असं वाक्य काही निघालं नाही. मला ते हवं होतं. व्हिसा नंतर, आधी ते वाक्य.

व्हिसा मात्र थांबायला तयार नव्हता. तिकडे जाऊन लग्न करणाऱ्यांसाठी त्यांचा एक वेगळाच व्हिसा असतो. मारुंजीत मोबाईलच्या दुकानावर एका सल्लागाराचं ऑफिस होतं, त्यानं मला तो समजावून सांगितला आणि मी थक्क झाले. लग्न पक्कं ठरलेलं पाहिजे, पण झालेलं नको. झालेलं असेल तर हा अर्ज रद्द आणि दुसरा अर्ज पहिल्यापासून. "मॅडम, हळद नको, मंगळसूत्र नको, फोटोत हार दिसला की केस गेली," तो म्हणाला. नेमका सुपारीच्या दिवशी आत्यानं हौसेनं आम्हा दोघांना हार घातले होते. ते सगळे फोटो बाद. उरलेल्या फोटोंत मी बायकांच्या घोळक्यात आणि तो पुरुषांच्या, मध्ये अख्खं अंगण. सल्लागारानं ते पुन्हा पुन्हा बघितले. "इसमें तो तुम्ही दोघं एकमेकांना ओळखत पण नाही असं वाटतंय."

"आमच्यात असंच उभं राहतात," मी म्हणाले.

"ते त्यांना कोण सांगणार?"

हा प्रश्न मला आवडला. रागही आला, पण आवडला. त्या दूरच्या कचेरीतलं कुणीतरी, ज्यानं आमचं गाव कधी बघितलं नाही, ते आमचे दोन वर्षांचे निरोप वाचणार होतं. माझा रोजचा पहिला निरोप 'जेवलास का'. त्याचा रोजचा पहिला निरोप 'हो, तू?' ह्याला कुणी प्रेम म्हणेल का? मी रोज संध्याकाळी त्या न पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांनी आमच्या घराकडे बघायला लागले. आमच्यात नवरा-बायको चारचौघांत एकमेकांकडे बघतही नाहीत, आई आण्णांना नावानं हाक मारत नाही, नुसतं 'अहो ऐकलं का' म्हणते. आई-आण्णांना लग्नाचा पुरावा द्यायला लावला असता तर त्यांचा अर्ज पहिल्याच फेरीत उडाला असता.

मग एके दिवशी फोन आला की मुलीच्या वडिलांशी बोलायचं आहे. अधिकारी इंग्रजीत विचारणार, एक दुभाषी मराठीत सांगणार. मी कारखान्यात होते. आण्णांनी तो फोन शेतात, पंप चालू असताना घेतला. दुभाष्याची मराठी पुस्तकातली होती, असं आण्णा म्हणाले. त्यानं विचारलं, "हे गृहस्थ आपले कोण लागतात?" आण्णांनी सांगितलं, "आमचं पाव्हणं हायेत." किती काळापासून? "झाली की दोन-तीन वर्सं." त्यांचा विवाह झाला आहे का? "अजून न्हाई." आपल्याला हा विवाह मान्य आहे का? ह्यावर म्हणे पंपाचा आवाज आला, नीट ऐकू आलं नाही, आणि फोन कटला.

त्यानंतर कचेरीचा ईमेल आला. वडील ह्या गृहस्थांना घरी येणारा पाहुणा म्हणतात, ठरलेल्या लग्नाबद्दल त्यांना कल्पना असल्याचं दिसत नाही, तरी खुलासा करावा, नाहीतर अर्ज नामंजूर होईल. मी तो सल्लागाराच्या ऑफिसात वाचला आणि आधी हसले. मग हसू थांबलं. कारण दुभाष्यानं चूक केली असं मला ठामपणे म्हणता येईना. आण्णांनी कुठल्या अर्थानं म्हटलं होतं, हे मलाच कुठे ठाऊक होतं?

घरी आले ती तडक ओसरीवर. "आण्णा, सरळ जावई म्हनायला काय झालं व्हतं?"

"अक्षता पडल्यात का?"

"न्हाई, पन..."

"मग जावई कसा म्हनू? खळ्यावर रास लागल्याबिगर मी कदी पीक आलं म्हनलोय का?"

हे खरं होतं. आण्णा असेच आहेत. गाय गाभण असली तरी वासरू उभं राहीपर्यंत ते कुणाला सांगत नाहीत. पण माझं डोकं फिरलं होतं. मी म्हणाले, तुम्ही जावई म्हणाल्याशिवाय व्हिसा नाही, व्हिसाशिवाय लग्न नाही, आणि लग्नाशिवाय तुम्ही जावई म्हणणार नाही, म्हणजे मी म्हातारी होईपर्यंत कारखान्यात बोल्ट मोजत बसू का?

"मंग हितंच टाकू अक्षता. मांडव घालू," ते म्हणाले. पहिल्यांदाच एवढ्या उत्साहानं काही म्हणाले.

मला त्यांना सांगावं लागलं की तेच चालणार नाही. लग्न तिकडे, सरकारी कचेरीत, दोन साक्षीदारांसमोर. आणि व्हिसा मिळाला की ठरलेल्या मुदतीत निघायचं, म्हणजे ऐन भातलावणीत. लावणीच्या दिवसांत आण्णांना पौडला तहसीलात न्यायचं तरी मिनतवाऱ्या कराव्या लागतात. ते तिकडं येणार नव्हते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत घातली. "म्हंजी अक्षता न्हाईतच," ते म्हणाले आणि उठून गेले. ह्या वेळी मला राग आला नाही.

त्या रात्री मी त्याला फोन करून सगळं सांगितलं. तीन अर्थ नीट समजावले. त्यानं विचारलं, "म्हणजे आण्णा मला रोज कुठल्या अर्थानं हाक मारत होते?" तेच तर मी शोधत होते.

कचेरीनं पुन्हा फोन करायचं मान्य केलं. ह्या वेळी मी रजा काढली. सकाळची वेळ, पंप बंद, ओसरीवर सतरंजी, मध्ये स्पीकरवर ठेवलेला माझा मोबाईल. आई दाराच्या आड उभी. आण्णांनी धुतलेला सदरा घातला होता, जसं काही फोनवरून दिसणार होतं. दुभाषी ह्या खेपेला एक बाई होत्या. त्यांचा हेल ऐकूनच कळलं, ह्या सातारा बाजूच्या असणार.

"काका, मागच्या वेळी तुम्ही पाहुणे म्हणाला होता. साहेब विचारतायत, ते तुमचे नक्की कोण?"

आण्णा मोबाईलकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे. काही शिकवायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं.

"म्हनलो व्हतो पाव्हणं," ते म्हणाले. "आता न्हाई म्हनत."

मी दाराकडे बघितलं.

"जावई हायेत आमचं."

दाराआड आईच्या बांगड्या वाजल्या. बाईंनी विचारलं, "जावई होणार आहेत, असं ना काका? लग्न अजून झालेलं नाही?"

"तुमच्या सायबाला जसं पायजे तसं म्हना. व्हनार म्हना. म्या जावई म्हनलो."

मग इंग्रजीत काही बोलणं झालं. बाईंनी पुढचा प्रश्न सांगितला, "लग्नाला तुम्ही तिकडे जाणार आहात का?"

"न्हाई. जमायचं न्हाई. तितं अक्षता पडतील न पडतील, मला कोन सांगनार? म्हनून आजच म्हनून घेतलं." एवढं बोलून आण्णांनी सतरंजीवर हात टेकला आणि माझ्याकडे वळून, स्वतःशीच बोलावं तसं पण चांगलं मोठ्यानं म्हणाले, "झालं. लागलं माज्या पोरीचं लगीन."

मी फोनवर झडप घातली. पण उशीर झाला होता. जे वाक्य म्हणायचं नाही म्हणून सल्लागारानं महिनाभर घोकून घेतलं होतं, तेच नेमकं पलीकडे पोचलं होतं. मग त्या अधिकाऱ्याचा आवाज आला, वडील आता काय म्हणाले? बाईंनी घसा साफ केला आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की वडील म्हणताहेत, त्यांना फार आनंद झाला आहे.

"काय म्हनली ती?" आण्णांनी मला विचारलं.

"तुमाला लई आनंद झालाय म्हनली."

"कुनी सांगितलं तिला?" आण्णा म्हणाले. त्यांनी माझं मनगट पकडलं, आणि पलीकडून फोन ठेवला गेला तरी सोडलं नाही.