अर्धवट भिजलेला बचनाग

ती घटना आठवली की आजही नाकात गोमूत्राचा वास येतो. हसू नका, त्या वासानंच एक निरपराध बाई तुरुंगात जाता जाता वाचली.

मी तेव्हा लोहारा भागात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी हजेरी चालू असतानाच फोन आला. माकणीकडच्या एका गावात सत्तरीचा शेतकरी उलट्या करून बेशुद्ध पडला होता, आणि सुनेनं दुधातून विष दिलं, असं फोन करणारा ठासून सांगत होता. दुपारपर्यंत म्हाताऱ्याची माहेरी आलेली मुलगी तक्रार द्यायला हजर. सोबत गावातले दहा-बारा जण. आधी अटक दाखवा, तपास मागून करा, असा त्यांचा हुकूम! मी म्हटलं, हे पोलीस ठाणं आहे, चावडी नव्हे. बेड्या कुणाला घालायच्या ते मी ठरवीन.

सून पस्तिशीची. नवरा मालट्रक घेऊन हैदराबादकडे गेलेला. महिला शिपाई शेजारी बसवून मी तिला दोन दिवस विचारत होतो आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचवत होतो. बाईला रात्री ठाण्यात बसवायचं नाही हा माझा नियम, तो निवृत्त होईपर्यंत मोडला नाही. दूध मीच दिलं, एवढंच ती सांगे. पुढं गप्प. खोटं बोलणारा माणूस न विचारता खुलासे देत सुटतो. ही देत नव्हती, पण काहीतरी मनात दाबून बसली होती.

दवाखान्यातून निरोप आला की हे फवारणीचं औषध नाही. तोंड बधिर झालंय, हृदयाचे ठोके बेताल पडतायत. म्हातारा गुडघ्यांसाठी घरीच मुळी उगाळून दुधातून घेतो, हे साऱ्या गावाला माहीत होतं, तक्रारीत मात्र एका शब्दानं आलं नव्हतं. मी पंच घेतले, आयुर्वेदाचे एक जाणते डॉक्टर घेतले आणि घर गाठलं. फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात बचनागाच्या, म्हणजे एका विषारी वनस्पतीच्या, मुळ्या निघाल्या. मी सवयीनं हुंगल्या. काहींना गोमूत्राचा वास, काहींना जवळजवळ काहीच नाही. म्हटलं, इथंच पाणी मुरतंय.

डॉक्टरांनी पंचांसमोर दोन मुळ्या मोडल्या. एक आतून काळपट, दुसरी पांढरट. म्हणाले, बचनाग तीन दिवस गोमूत्रात भिजवतात, रोज नवं गोमूत्र घालून, तेव्हा त्याचं विष कमी होतं. काळपट ती पुरी भिजलेली, पांढरट ती अर्धवटच. चीनमधले वैद्यही याच जातीचं मूळ तासन्‌तास उकळल्याशिवाय देत नाहीत. सांधेदुखीला गुण येतो, पण शुद्ध केलेलाही वैद्यानं मोजून दिला तरच घ्यायचा, आणि हृदयाचा त्रास असेल तर नाहीच. घरी करायचा हा उद्योग नव्हे. मुद्देमाल सील करून आम्ही निघालो.

मग भिजत घातलेल्या मुळ्या मधेच बाहेर काढल्या कुणी? दुसऱ्या दिवशी सुनेला मी एवढंच विचारलं आणि तिचा बांध फुटला.

"वन्सनी काढल्या, साहेब. अंगणात वास सुटला म्हणून मामंजींनी भिजत घातलेलं गोमुताचं गाडगं ओतलं, मुळ्या धुऊन वाळवल्या अन् जुन्या मुळ्यांच्या डब्यात भरल्या. मला बी ते मागनं उमगलं. त्यांनी मुद्दाम न्हाय केलं. म्या नाव घेतलं असतं तर त्यांचं माहेर तुटलं असतं."

वन्स म्हणजे नणंद. म्हणजे आमची तक्रारदारच! तिला बोलावून विचारलं, तर तिनं लगेच कबूल केलं. बापाचं अंगण स्वच्छ केलं, एवढंच तिच्या मनात होतं.

चौथ्या दिवशी म्हातारा शुद्धीवर आला. मुळी मीच उगाळली, सुनंनं फक्त दूध दिलं, असा जबाब त्यानं दिला. घातपात नाही, असा अहवाल मी कोर्टात पाठवला.

शेवटच्या सह्यांसाठी दोघी ठाण्यात आल्या, तेव्हा नणंदेच्या हातात जेवणाचा डबा होता. "वैनी, चार दिस पोटात काय न्हाय तुमच्या," म्हणत तिनं भाकरीचा घास पुढं केला. जिनं आपल्यावर विषाचा आळ घेतला, तिच्या हातचा घास त्या सुनेनं क्षणभरही न थांबता खाल्ला. माझी महिला शिपाई तोंड फिरवून डोळे पुसत होती. मीही पुसले, लपवत नाही.

गप्प बसलेला प्रत्येक माणूस स्वतःलाच वाचवत नसतो, हे मला त्या बाईनं शिकवलं. माझ्या भिंतीवर पदकं आहेत, चांगल्या कामाची प्रशस्तिपत्रं आहेत. पण नातवंडांना मी छाती पुढं काढून सांगतो, ती गोष्ट न केलेल्या अटकेची.