डोळे मिटून हीच घेईन

बडोद्यातल्या आमच्या शाळेतल्या गणिताच्या बेन रोज सावली गावाहून यायच्या. आधी एस.टी., मग स्टेशनपासून रिक्षा. साडेसातच्या शाळेसाठी त्या पावणेसहाला घर सोडत. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणजे तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या. लग्न केलेलं नव्हतं. वडील त्यांच्याजवळ राहत आणि शेजारच्याच घरात धाकटा भाऊ, त्याची बायको, मुलं. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी शाळेत कुणालाही न सांगता ड्रायव्हिंग शिकायला नाव घातलं, लायसन्स काढलं, आणि जानेवारीत एका रिसेसमध्ये डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या.

आम्ही दोघी गुजरातीत बोलतो. इथे मराठीत लिहिते आहे.

"बेन, मला खरं सांगा," त्या म्हणाल्या. "आज पुन्हा गाडी घ्यायची झाली, तर तुम्ही हीच घ्याल?"

माझी गाडी तेव्हा चौदा महिन्यांची झाली होती. क्लच नसलेली, आपले आपण गिअर बदलणारी, छोटी. त्या चौदा महिन्यांत ती तीन वेळा रस्त्यात बंद पडली होती. बंद म्हणजे इंजिन चालू असायचं, पण गिअरचा आकडा दिसतो तिथे नुसती आडवी रेघ यायची आणि अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी जागची हलायची नाही. किल्ली फिरवून बंद करायची, दहा मिनिटं गप्प बसायचं, मग ती काही झालंच नाही अशी चालायला लागायची.

"डोळे मिटून," मी म्हणाले. "डोळे मिटून हीच घेईन."

स्टाफरूममध्ये आणखी चारपाच जणी होत्या. त्यांच्यासमोर मी गाडीचं अ‍ॅव्हरेज सांगितलं, बडोद्याच्या ट्रॅफिकमध्ये डाव्या पायाला किती आराम मिळतो ते सांगितलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. बेननी डब्यातलं थेपलं माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवलं आणि म्हणाल्या, बस, मग माझं ठरलं.

मी असं का बोलले, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. ती गाडी मी निवडली होती. माझे यजमान रिफायनरीत आहेत, मोजकं बोलणारे. त्यांना साधी, गिअरची, जुन्या नावाजलेल्या मॉडेलची गाडी हवी होती. मी तीन महिने माहिती काढली, वह्या भरल्या, शोरूम पालथी घातली, नागरवाड्यातल्या माझ्या माहेरच्या नातलगांना फोन करकरून विचारलं. घरात काहीही घ्यायचं असलं की मला विचारायचं, अशी आमच्याकडे रीतच पडली होती. मिक्सर असो, मुलीचं कॉलेज असो. त्यामुळे गाडी पहिल्यांदा अकोट्याच्या पुलावर उभी राहिली आणि मागे हॉर्नचा गदारोळ झाला, तेव्हा मला गाडीपेक्षा घरी काय सांगायचं याचीच काळजी पडली. मी काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफ पिरियडमध्ये वर्कशॉपला जाऊन आले. त्यांनी मशीन लावून पाहिलं आणि काही दिसत नाही म्हणाले. दुसऱ्या, तिसऱ्या वेळीही तसंच. चौदा महिने जी गोष्ट घरात नवऱ्याला सांगितली नव्हती, ती स्टाफरूममध्ये कशी सांगणार होते?

बेननी गाडी बुक केली. मिळायला सहा आठवडे होते. त्या सहा आठवड्यांत माझी गाडी चौथ्यांदा थांबली, अलकापुरीच्या गरनाळ्यात, रेल्वेखालच्या त्या अरुंद रस्त्यात. मागच्या रिक्षावाल्याने उतरून ढकलत बाहेर काढून दिली. कडेला उभी राहून घाम पुसताना मी ठरवलं की उद्या बेनना सांगायचं. बुकिंग अजून रद्द करता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच माझ्याकडे आल्या. हातात रंगांचं कार्ड होतं. लाल चांगला दिसेल की पांढरा, असं विचारत होत्या. बापुजींना, म्हणजे त्यांच्या वडिलांना, लाल आवडला होता. मी कार्ड हातात घेतलं. बोलायची तीच वेळ होती. मी म्हणाले, पांढरा घ्या, उन्हात कमी तापते.

मार्चमध्ये गाडी आली. त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि शाळा सुटल्यावर मला बाजूला बसवून एक चक्कर मारली. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, पाठ ताठ, प्रत्येक वळणाच्या आधी तोंडाने "आरसा, इंडिकेटर" असं पुटपुटत. फार नीट चालवत होत्या. मी तसं म्हणाले, तेव्हा इतक्या खूश झाल्या की बोलायला लागल्या. भावाने चेष्टा केली होती म्हणे, या वयात काय ही हौस. आता बापुजी रोज संध्याकाळी पुढच्या सीटवर बसून देवळापर्यंत जातात.

मेच्या सुट्टीत जे झालं ते मला जूनमध्ये शाळा उघडल्यावर कळलं. बापुजींच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी त्या त्यांना घेऊन बडोद्याला येत होत्या. मंजुसरजवळ कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकची रांग होती, गाडी थांबत थांबत चालली होती, आणि तिथे ती उभी राहिली. मागे भरलेला ट्रक. ट्रकवाला शिव्या द्यायला लागला. बापुजी ऐंशीच्या घरातले, गुडघे दुखणारे, पण लेक घाबरलेली पाहून धक्का द्यायला खाली उतरले. रस्त्याच्या कडेच्या खडीवर पाय घसरला आणि ते पडले. मनगट मोडलं. फोन केल्यावर भाऊ मोटरसायकलवर आला, तोवर अर्धा तास गेला होता. त्याने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू लागली.

त्यामुळे सगळ्यांनी काय समजायचं ते समजलं. वर्कशॉपवाल्याने मशीन लावलं, काही दिसलं नाही, आणि तो भावाला म्हणाला की नवीन शिकलेल्या बायका अर्धवट अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवतात, त्यातून असं होतं.

हे सगळं बेननी मला हजेरीपटावर नावं लिहिता लिहिता सांगितलं. मग पेन ठेवून विचारलं, "तुमची कधी अशी थांबली नाही ना?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या एका 'हो'ने त्यांच्यावरचा आळ गेला असता. मला ते त्याच क्षणी पूर्ण कळलं होतं. मला सुचलं नाही किंवा मी गोंधळले, असं आज म्हणता येणार नाही. पण 'हो' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, केव्हापासून.

"नाही," मी म्हणाले. "माझी नाही थांबली."

"म्हणजे माझाच पाय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा नावं लिहू लागल्या.

त्यानंतर त्या गाडीला हात लावेनाशा झाल्या. गाडी भाऊ वापरू लागला आणि त्या पुन्हा एस.टी.ने येऊ लागल्या. सकाळी शाळेकडे वळताना कधीकधी त्या रिक्षातून उतरताना मला दिसत. मी हॉर्न वाजवत नसे. त्यांच्या आधी आत पोचावं म्हणून गाडी घाईने पार्किंगला घालत असे. चार महिने मी हे केलं. या काळात माझी गाडी आणखी तीनदा थांबली, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, बरं झालं, कुणी ओळखीचं बघत नाही.

ऑक्टोबरात पहिल्या सत्राची परीक्षा चालू होती. आमच्या दोघींची एकाच वर्गात सुपरव्हिजन लागली. पेपर सुटला, मुलं गेली, त्या उत्तरपत्रिका मोजत होत्या आणि मी पुरवण्या. मोजता मोजता त्या म्हणाल्या की भाऊ आता घरात बोलतो, बेनने गाडी बिघडवून ठेवली, माझ्याही हातात थांबायला लागली. त्या हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. त्यांनाही ते पटलेलं होतं.

मी म्हणाले, "बेन, माझी गाडी थांबते."

त्यांचं मोजणं चालूच होतं. एकतीस, बत्तीस. मग हात थांबला.

"किती वेळा?"

"सात."

"पहिल्यांदा कधी?"

"तुम्ही मला विचारलंत, त्याच्या आधी. तोवर तीनदा झालं होतं."

त्यांनी गठ्ठा बाकावर ठेवला, कडा जुळवल्या आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. पूर्ण मोजलं. आकडा लिहिला, सही केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बापुजींचा हात मी मोडला, असं समजून मी पाच महिने त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवलेला नाही."

मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग. माझ्या घरी येऊन सांगा."

त्या संध्याकाळी मी यजमानांना सगळं सांगितलं, अगदी पुलापासून. ते चहाचा कप हातात धरून ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "माझ्याही हातात दोनदा थांबली होती. मी वर्कशॉपला नेऊन आलो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू हौसेने घेतली होतीस."

मला वाटलं होतं, ते चिडतील किंवा 'मी सांगत होतो' म्हणतील. त्याची तयारी मी दोन वर्षं केली होती. या उत्तराची तयारी नव्हती. जे लपवायला मी एवढं सगळं केलं, ते घरात लपलेलंच नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत राहिले. रविवारी मी बरोबर येऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले.

रविवारी मी त्याच गाडीने एकटी सावलीला गेले. बेननी दार उघडलं, "आवो" म्हणाल्या, पाणी दिलं. बापुजी हिंडोळ्यावर बसले होते. उजवं मनगट बरं झालं होतं, पण किंचित वाकडं बसलं होतं. पेला त्यांनी डाव्या हाताने घेतला. बेननी शेजारून भावाला बोलावलं. तो दाराजवळच उभा राहिला.

मी वाटेत वाक्यं जुळवली होती, ती तिथे उपयोगाची नव्हती. मी सांगितलं की माझ्याकडे हीच गाडी आहे, ती पहिल्या वर्षापासून थांबते, आणि हे माहीत असून मी बेनना ती घ्यायला सांगितलं. मंजुसरला गाडी थांबली त्यात त्यांची चूक नव्हती. जूनमध्ये त्यांनी विचारलं तेव्हाही मी खोटं बोलले. सांगताना माझी नजर सारखी त्या मनगटाकडे जात होती.

भावाने बहिणीकडे पाहिलं नाही. बापुजींनी मात्र विचारलं, "बाहेर उभी आहे ती तीच का?"

"हो."

"थांबते, तरी तुम्ही चालवता?"

"चालवते."

त्यांनी मान हलवली आणि लेकीला म्हणाले, "मग तूही चालव ना, बेटा." मला रागाचा शब्दही बोलले नाहीत. चहा न घेता जाऊ दिलं नाही. त्यांचं ते सौजन्य सोसणं फार कठीण गेलं. दोन शब्द बोलले असते तर बरं, असं मला चहा पिताना वाटत राहिलं, आणि तेही मी माझ्यासाठीच मागते आहे हे कळत होतं. भावाने जाताना खिशातून बेनच्या गाडीची किल्ली काढून कोनाड्यात ठेवली.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी दोन्ही गाड्या घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. माझ्याकडे सात तारखा होत्या. पहिल्या दिवसापासून मी त्या गाडीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवल्या होत्या. एकाच तक्रारीच्या दोन गाड्या समोर उभ्या राहिल्यावर मॅनेजर बाहेर आला, वर कळवतो म्हणाला, आणि महिन्याभराने दोन्ही गाड्यांच्या गिअरचा एक सुटा भाग फुकट बदलून मिळाला. बेनची गाडी त्यानंतर थांबलेली नाही. त्या आता रोज गाडीने येतात, पार्किंगमध्ये माझ्या गाडीपासून दोन जागा सोडून लावतात. रस्त्यात वडाच्या स्टॉपवरून आमच्याच शाळेतल्या एका नव्या शिक्षिकेलाही घेतात.

आमचं बोलणं बंद नाही. पिरियडची अदलाबदल करतो, परीक्षेच्या याद्या एकत्र करतो. बापुजींची चौकशी केली तर "मजामा" म्हणतात. पण त्यांनी मला त्यानंतर कुठल्याही गोष्टीत मत विचारलेलं नाही.

परवा रिसेसमध्ये त्या आमच्या लायब्ररीच्या बाईंना फ्रिजबद्दल विचारत होत्या. त्यांनी पाहून ठेवलेला कसा आहे, लाइट जास्त खातो का, पालेभाजी किती दिवस राहते. ज्या फ्रिजची चौकशी चालली होती तो माझ्या घरी सहा वर्षं आहे आणि उत्तम चालतो. मी शेजारच्या खुर्चीवर होते. लायब्ररीच्या बाई म्हणाल्या, मला नीटसं माहीत नाही, मी बहिणीला विचारून सांगते. बेन म्हणाल्या, चालेल, घाई नाही. मी सातवीच्या वह्या तपासत राहिले.