मिठाच्या लॉरीतून एका माणसाची गाडी आणायला गेलो

आमच्या ह्यांनी बावन्नाव्या वर्षी शर्यतीची गाडी घ्यायचं काढलं. माणूस एकच बसतो, छप्पर नाही, सामान ठेवायला जागा नाही. विलायती, लढाईच्या कितीतरी आधीची. कल्याणच्या एका फिटरमास्तरांनी चार वर्षं खपून ती नव्यासारखी केली होती. दिवाळीनंतर मुंबईला विमानाच्या धावपट्टीवर जुन्या गाड्यांची शर्यत होती, तीत ह्यांना उतरायचं होतं. लहानपणी कशेळीच्या पुलावर एका साहेबाच्या तसल्या गाडीनं ह्यांच्या बैलगाडीला मागं टाकलं होतं. तेव्हापासून डोक्यात. मी म्हटलं, घ्या एकदाची, मला दुसरीही कामं आहेत.

माजिवड्याहून सकाळी सहाला निघालो. लॉरी आमचीच, लष्करानं मोडीत काढलेली, मिठागरावर चालते. ड्रायव्हर सारखा गावाला पळायचा म्हणून मी चालवायला शिकले. बाळकुम, कशेळी, भिवंडी, कोन असा रस्ता. भिवंडीपर्यंत बरा, पुढं कमरेची काळजी घ्या. भिवंडीत चहा एका आण्याला, पाणीच जास्त. खाडी ओलांडली की कल्याण. स्टेशनाबाहेर चार आण्यात पुरीभाजी मिळते, भाजी पुन्हा मागितली तर देतात.

फिटरमास्तर रेल्वेच्या कारखान्यातून रिटायर झालेले. गाडी हिरवी, लांबट, दुधी भोपळ्याला चाकं लावल्यासारखी. मी तसं म्हटलं. मास्तरांना आवडलं नाही.

त्यांची एक रीत आहे. घेणाऱ्यानं स्वतः हँडल मारून गाडी चालू करायची आणि मलंगगडाच्या बाजूला लढाईत केलेल्या धावपट्टीवर चक्कर मारून दाखवायची. त्याशिवाय विकत नाहीत. हे पोट आत घेऊन बसले आणि गेले. परत आले तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्यानं, म्हणाले. मास्तरांनी इसार घेतला, मी नारळ फोडला.

मग मी लॉरी मागं घेतली आणि फळ्या लावल्या. मास्तर वर चढले, फळीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ?"

"मिठाची लॉरी आहे. साखर कुठून येणार?" मी म्हटलं.

"बाई, चार वर्षं मी हिचा गंज काढला. ठेवणार कुठं?"

"पडवीत," हे म्हणाले. "हवेशीर आहे. समोर मिठागर."

मास्तरांनी खिशातून इसार काढून ह्यांच्या हातात ठेवला. "नाही जमायचं, शेठ."

हे जाऊन गाडीच्या बाजूला उकिडवे बसले, मयताला बसतात तसे. मला रडारड चालते, हे असलं गप्प बसणं चालत नाही.

कोरडी जागा मला एक माहीत होती. डोंबिवलीला माझ्या माहेरी, दामूदादाचं भाताचं कोठार. पण दादाचं तोंड मी सात वर्षं पाहिलं नव्हतं. माझ्या थोरलीच्या लग्नात नवरीला मांडवात आणायला मामा हवा, तर हा आलाच नाही. त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, असं मी चारचौघांत सांगितलं होतं.

"बसा लॉरीत," मी मास्तरांना म्हटलं. "जागा बघा, मग नाही म्हणा."

हे गाडीतून पुढं, आम्ही मागं. रस्ता कच्चा, धूळ सगळी आमच्या तोंडात.

दादा अंगणातच होता. गाडी बघितली, ह्यांना बघितलं, मग मला.

"आलीस गो बाय? कोन मेला?"

"कोणी नाही. गाडी ठेवायचीय. तुझ्या कोठारात."

दादानं विडी विझवली. "थोरलीच्या लग्नाचं आवतन माझ्याकडं तुजा डायवर घेऊन आलेला. सख्ख्या भावाला! मिठाची गोन टाकावी तशी अक्षत टाकून गेला. आनि गाडी ठेवायला तू सोता आलीस."

मिठाची काढणी चालू होती तेव्हा, लॉरी तशीही डोंबिवलीला जाणार होती. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं. पण मामाला आवतण बहिणीनं स्वतः जाऊन द्यायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ह्यांनी अजून गाडीचं स्टिअरिंग सोडलं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

दादा ह्यांना म्हणाला, "दाजी, बरी हाय ना ही?" आणि कोठाराची कडी काढली.

मास्तर आत गेले. भिंतीला हात लावला, भाताचा दाणा दातांखाली फोडला. कट्कन वाजला. "चालेल," म्हणाले आणि इसारासाठी हात पुढं केला.

वहिनीनं जेवायला वाढलं. गाडीवर गोणपाट घालून, मास्तरांना वाटेत कल्याणला सोडून आम्ही दिवेलागणीला माजिवड्याला परत आलो, रिकाम्या लॉरीतून.

शर्यत झाली. सात गाड्यांत हे सहावे आले. सातवी सुरूच झाली नाही. तुम्हाला असली गाडी घ्यायची असेल तर आधी ठेवायची जागा बघा. गाडी अजून कोठारातच आहे. हे दर रविवारी जाऊन ती पुसतात.

धाकटीचं लग्न वैशाखात आहे. दादाला आवतण द्यायला मी स्वतः जाणार. लॉरी धुऊन.