सूरचा धक्का आणि हवालदार शिगवण

लेबनॉनमध्ये माझी पोस्टिंग शांतिसेनेच्या ट्रान्सपोर्ट प्लाटूनमध्ये होती. रँक लान्स नाईक, ट्रेड ड्रायव्हर, गाव थळ, समुद्रकाठचं कोळ्याचं घर. आता नोकरी पूर्ण करून मी अलिबागला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला बसलो आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इतिहासाच्या मॅडमनी भूमध्य समुद्रावरच्या एखाद्या बंदराबद्दल लिहायला सांगितलं. मी तिथे गाडी चालवली, तेवढंच मला लिहिता येईल. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

शहराचं नाव सूर. इंग्रजी पुस्तकांत त्याला टायर म्हणतात. फार पूर्वी ते बेट होतं. एका ग्रीक राजाला ते जिंकता येईना, तेव्हा त्याने सैनिकांना कामाला लावून समुद्रात दगडमातीचा रस्ता घातला. पुढे त्या रस्त्याला वाळू लागत गेली आणि बेट जमिनीला कायमचं चिकटलं. आपल्याकडे ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जातात आणि भरतीला समुद्र वाट परत घेतो. सूरच्या समुद्राने ती परत घेतली नाही. आज त्याच वाटेवर दुकानं, शाळा, रहदारी आहे. जुन्या बंदरातून बाहेर पडायचं तर तिथूनच पडावं लागतं.

तिथले लोक समुद्रातल्या शंखांपासून जांभळा रंग काढत. तो राजेलोकांच्या कपड्यांना लागे. रंग शिजवताना गावभर घाण वास सुटायचा, असं मला एका दुकानदाराने सांगितलं. मी ते हवालदार शिगवणांना सांगितलं.

"म्हंजे तुझ्या गावासारखंच की रं, थळकर," ते म्हणाले.

हवालदार दत्ताराम शिगवण आमचे सेक्शन कमांडर. गाव तळा तालुक्यातलं, भातशेतीचं घर. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. समुद्राची त्यांना भीती होती आणि ती ते लपवत नसत. धक्क्यावर उभे राहिले की पाण्यापासून दोन हात लांब.

ताज्या भाजीसाठी आमची गाडी बंदरात जायची. काम संपलं की उम्म इलियासच्या दारात थांबायचो. ती आणि तिचा नवरा अबू इलियास, दोघंच राहत. तो मासेमारी करायचा. ती दारात दोन टेबलं मांडून जेवण द्यायची. तिचा कोळीभात सगळ्या बंदरात नावाजलेला. कांदा काळपट होईस्तोवर तळायचा, त्यात माशाच्या डोक्यांचं पाणी आणि जिरं, त्या पाण्यात भात शिजवायचा. भाताला तपकिरी रंग चढतो. वर तळलेला मासा, बाजूला लिंबू. खोबरं नाही, कोकम नाही.

पहिल्यांदा उस्तादांनी ताट बघितलं आणि म्हणाले, "बाईनं कांदा करपवलान."

मला धक्क्यावर ऐकून ऐकून कामापुरती अरबी येत होती. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "त्याला म्हणावं आधी जेव, मग भांड."

उस्तादांनी दोनदा भात घेतला. नंतर सूरची ड्युटी लागली की स्वतःच विचारायचे, "म्हातारीकडं जायचं ना?"

मग लढाई जवळ आली. गोळे कुणाचे, कुठून आले, यावर मी लिहीत नाही. माझं ते काम नव्हतं. मासेमारांना समुद्रात जायला बंदी झाली. एका सकाळी जुना बंदरभाग रिकामा करा असा इशारा आला. आमच्या सेक्शनला एक ट्रक घेऊन जायची ऑर्डर मिळाली. चालता न येणाऱ्यांना बाहेर काढायचं, मोठ्या चौकात रुग्णवाहिकांकडे सोपवायचं.

गल्ल्या ओस पडल्या होत्या. आम्ही घराघरातून म्हातारी माणसं उचलून आणली. ट्रक भरत आला. शेवटचं दार उम्म इलियासचं. ती शेगडीपाशी उभी होती. भात रटरटत होता.

"चल," मी म्हणालो.

"तो समुद्रात आहे."

"बंदी आहे ना?"

"जाळी पाण्यात होती. काढायला गेला."

मला पुढचं विचारावं लागलं नाही. थळला वादळाचा बावटा लागला तरी माणसं हेच करतात. जाळं पाण्यात सोडून घरी बसवत नाही. ही चूक आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी करतात.

उस्ताद म्हणाले, "काय म्हन्ते?"

मी सांगितलं.

"तिला सांग, आपण त्याला मागनं घेऊन येऊ."

मी सांगितलं. ती म्हणाली, "तो येईल आणि घरात कुणी नसेल, तर तो मला शोधत बसेल. बाहेर पडणार नाही."

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. "खरं हाय का?"

"व्हय उस्ताद. माझा बा पण तेच करंल."

"उचलून टाकू ट्रकात?"

"ती एकटी वाचंल. तो मरंल."

ट्रकमध्ये एक आजोबा खोकत होते. एका आजींचा ऑक्सिजन संपत आला होता. उस्तादांनी रेडिओवर कॅप्टन साहेबांना कळवलं.

"दोन सिव्हिलियन बाकी. एक समुद्रात. मी थांबतो. ट्रक पाठवतो. ओव्हर."

"निगेटिव्ह. सगळे बाहेर या. ओव्हर."

"साहेब, बोट येताच निघतो. ओव्हर."

मग साहेब म्हणाले, "लवकर करा. आउट."

मी म्हणालो, "उस्ताद, मी थांबतो. मला बोटीतलं कळतं."

"गाडी कोण चालवंल? मी? म्हाताऱ्यांना दर्यात घालीन." मग आवाज बदलून म्हणाले, "निघ थळकर. ऑर्डर हाय."

सेक्शनच्या बाकीच्या जवानांना घेऊन मी निघालो. त्या राजाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. गाद्या, पिंजरे, पोरं, सगळं टपांवर. ट्रक हळूहळू सरकत होता. रेडिओवर उस्तादांचा आवाज आला.

"बोट दिसली. ओव्हर."

मी हॅन्डसेट उचलला.

"म्हातारीला चर्चच्या तळघरात बसवलंय. मी धक्क्यावर चाललो. ओव्हर."

"उस्ताद, त्याला म्हणा जाळी सोड. ओव्हर."

"सांगतोय. ऐकतोय कुठं. दोर टाकलान. पायऱ्यांवर उतरतोय मी. ओव्हर."

पाण्याला घाबरणारा माणूस शेवाळाच्या पायऱ्या उतरत होता, हे मला समोर दिसत असल्यासारखं वाटलं.

मग मागून हादरा आला. ट्रकच्या काचा थरथरल्या. आरशात बंदराच्या बाजूला धूर चढत होता.

"उस्ताद, रिपोर्ट. ओव्हर."

काही नाही.

"उस्ताद, आवाज येतोय का? ओव्हर."

मी चौकापर्यंत हेच म्हणत राहिलो. ट्रक वळवता येत नव्हता. पुढे गाड्या, मागे गाड्या, आत माणसं. ऑक्सिजनवाल्या आजींनी केबिनच्या मागच्या खिडकीतून माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या काहीतरी म्हणत होत्या. माझ्या डोक्यात शब्द शिरत नव्हते.

दुपारी परत जायची परवानगी मिळाली. उम्म इलियास तळघरात जिवंत होती. धक्क्याच्या पायऱ्यांवर दोघं सापडले. उस्तादांच्या मुठीत अबू इलियासची बाही होती. बोट अर्धी बुडाली होती, जाळी तिच्यातच होती.

मी उम्म इलियासला आणलं. चौकात तिला दुसऱ्या गाडीत बसवलं. गाडी उत्तरेला गेली. नंतर तिचा पत्ता लागला नाही. मी दोनदा शोध घेतला.

उस्तादांना आम्ही त्यांच्या गावी आणलं. सलामी झाली. सगळा गाव आला होता.

या वर्षी पितृपक्षात उस्तादांच्या बायकोने, वहिनींनी, निरोप धाडला म्हणून गेलो. त्यांनी मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. त्या पानं वाढत होत्या. एक उस्तादांचं. मग त्यांनी शेजारी दुसरं केळीचं पान मांडलं.

"त्या म्हाताऱ्याला तिकडं कोण हाय वाढायला?"

"माहीत न्हाय वहिनी. ते ख्रिश्चन होते. त्यांच्यात असं करीत नसतील."

"भूक तर लागत आसंल. नाव काय त्याचं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला ते माहीत नाही. अबू इलियास हे त्याचं नाव नव्हे. तिकडे माणसाला थोरल्या मुलावरून हाक मारतात. अबू म्हणजे बाप, उम्म म्हणजे आई. मी वहिनींना तेवढंच सांगितलं.

त्यांनी दोन्ही पानांवर भात वाढला, पाणी फिरवलं आणि हात जोडले.

"दत्ताराम शिगवण," त्या म्हणाल्या. "आणि इलियासचा बाप."